थोरल्यांचा मसुदा

दुरैसानी आधी दात काढून ठेवायच्या आणि मग थोरले बोलू लागायचे. दात म्हणजे कवळी. ती पाणी भरलेल्या स्टीलच्या लोट्यात जायची, लोट्यावर बशी झाकली जायची, डोक्यावरचा पंखा एका खटक्यानं हळू व्हायचा, आणि वेताच्या आरामखुर्चीत डोळे मिटून बसलेल्या त्या उंच, हाडकुळ्या गोऱ्या बाईंच्या तोंडून हिमालयापलीकडे राहणारा, देह नसलेला, कित्येक शतकं वयाचा महापुरुष इंग्रजीत बोलू लागायचा. समोर लाकडी स्टुलावर मी शॉर्टहँडची वही घेऊन बसलेली असे. वय एकोणीस, शॉर्टहँडची फक्त खालची परीक्षा पास, आणि त्या महापुरुषाचा दर तिसरा शब्द मला कळत नसे.

बाईंचं नाव मिस थॉर्नली. तमिळमध्ये गोऱ्या बाईला दुरैसानी म्हणतात, तेच मद्रासच्या सगळ्या तिरुवान्मियूर भागात त्यांचं नाव झालं होतं. इंग्लंडातून बोटीनं त्या मद्रासला आल्या त्याला तेव्हाच चाळीस वर्षं होऊन गेली होती. समुद्राच्या बाजूच्या एका घराच्या माडीवर त्या राहत आणि परलोक, सूक्ष्म देह, मागचे जन्म अशा विषयांवर पुस्तकं लिहीत. अशी अकरा पुस्तकं झाली होती. ती वाचून हॉलंडहून, ऑस्ट्रेलियाहून आणि कुठून कुठून माणसं येत आणि शनिवारी चार वाजता सतरंजीवर मांडी घालण्याचा प्रयत्न करत. पुस्तकांत आयुष्य म्हणून होतं ते एवढंच, की पहिल्या पानावर बाईंचा जन्म आणि दुसऱ्या पानावर त्या महापुरुषाची हाक. मधे आईबाप, घर, शेजारपाजार काहीच नाही. त्या महापुरुषाला त्या ज्या इंग्रजी नावानं हाक मारत त्याचा अर्थ ‘वडीलधारे’ असा काहीसा होता. मी घरी सांगताना ‘थोरले’ म्हटलं आणि आमच्याकडे तेच नाव रूढ झालं. आमच्या अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, तर त्यांना ‘थोरले साहेब’ करून टाकलं.

अप्पा एका सरकारी कचेरीत होते. पद कारकुनाचं, पण मान मोठा, कारण मसुदा लिहावा तर अप्पांनी. साहेबांनी कागदाच्या कडेला तीन शब्द खरडावेत आणि अप्पांनी त्यातून दीड पानाचा असा हुकूम उभा करावा की खुद्द साहेबांना वाटावं, आपल्या मनात हेच होतं. आमचं घर टी. नगरला, पातळांच्या दुकानांमागच्या गल्लीत. सकाळी साडेचारला दूधवाल्याच्या सायकलीची घंटा, पाचला कॉफीच्या फिल्टरवर अम्माची थाप, मग कीरैवालीची भाजीची आरोळी, आणि या सगळ्यावर अप्पांचं स्तोत्र. जेवायला सांबार, ते आमच्याच तंजावरच्या मराठी राजांच्या मुदपाकखान्यात जन्मलं असं अप्पा प्रत्येक पंक्तीत सांगत, आणि शेजारचे अय्यर दर वेळी ‘असेल, असेल’ म्हणून आणखी वाढून घेत. उन्हाळ्यात डांगर पचडी असे, म्हणजे भाजलेल्या उडदाचं पीठ दह्यात कालवून वर मोहरीची फोडणी. आजही तापात मला तेच खावंसं वाटतं. बोलणं तंजावरी मराठीत, भांडण तमिळमध्ये आणि अभ्यास इंग्रजीत. मी आत्ता लिहिते आहे हे मराठी नंतरचं. लग्नानंतर पंचवीस वर्षं पुण्यात काढली, तिथल्या शेजारणींनी मला हसून हसून सरळ केलं. आता लेकीकडे, मद्रासबाहेर सिरुसेरीला राहते. साताऱ्याचा जावई तिथल्याच एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तो हे कागद वाचतो आणि ऱ्हस्वदीर्घ बघून देतो. मजकुराला हात लावायचा नाही असं त्याला बजावलंय, आणि का बजावलंय ते पुढे कळेलच.

ही नोकरी मला टायपिंग इन्स्टिट्यूटच्या मास्तरांनी मिळवून दिली. दुरैसानींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, लिहिता-वाचता येईना, त्यांना एक मुलगी हवी होती. बाई गोरी आहे, म्हातारी आहे आणि शाकाहारी आहे, या तीन गुणांवर अप्पांनी होकार दिला. अम्मानं एवढंच विचारलं, “भुतंखेतं तर नव्हेत की ती?” मी म्हटलं, “नाही अम्मा, फक्त थोरले.” मला नोकरी हवीच होती, आणि का ते स्पष्टच लिहिते. माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली होती. लग्नाआधी जे काही थोडं माझं म्हणून होणार होतं ते एवढंच होतं: सकाळी एकटीनं बसनं जायचं, कंडक्टरच्या शिट्टीवर उतरायचं आणि कोणीतरी आपली वाट बघत असायचं.

कामाची रीत अशी. सकाळी नऊ ते अकरा थोरले सांगत, मी उतरून घेई. संध्याकाळी घरी अप्पांच्या जुन्या मशीनवर टाईप करी. दुसऱ्या दिवशी सकाळी दुरैसानींना वाचून दाखवी. थोरले बोलतात तेव्हा आपण तिथं नसतोच, असं दुरैसानींचं म्हणणं होतं, त्यामुळे थोरले काय म्हणाले हे त्यांना माझ्या वाचनातूनच कळे. पण दातांशिवायचं ते इंग्रजी, वर पंख्याची कुरकुर, खिडकीतून समुद्राचा आवाज. हिमालयातल्या महापुरुषाला ‘जरा पुन्हा सांगता का’ असं कोण विचारणार? जे कळे ते मी लिही, जे न कळे तिथं लहानसं वर्तुळ काढी. पहिल्याच आठवड्यात पान बघावं तर रांगोळीच्या ठिपक्यांसारखी वर्तुळं.

अप्पा कॉफीचा डबरा, म्हणजे पेल्याखालची खोल वाटी, हातात घेऊन मशीनपाशी आले आणि त्यांनी पान बघितलं. त्यांचा चेहरा असा झाला की जसं घरात कोणी उघड्या अंगानं पाहुण्यांसमोर आलंय.

“काय गे राजी, हे गाळलेलं कशास?”

“ऐकू नाही आलं अप्पा.”

“म्हणून असाच कागद वर पाठवणार? अय्यो. मज पाहूं दे.” त्यांनी चष्मा लावला. “हे बघ, साहेबाच्या मनात काय आहे हें पुढचे-मागचे शब्द सांगतात. आपण फक्त रीतसर मांडायचं.”

आणि त्यांनी मांडलं. मजकूर इंग्रजीत होता, पण त्याची चव यावी म्हणून आपल्या सरकारी मराठीत सांगते. “प्रत्येक साधकाने आपली प्रार्थना योग्य मार्गाने, म्हणजे निकटच्या वरिष्ठ आत्म्यामार्फत, सादर करावी. थेट वर पाठविलेल्या प्रार्थनांची दखल घेतली जाणार नाही.” दुसऱ्या दिवशी मी हे दुरैसानींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “राजी, पुन्हा वाच.” मी पुन्हा वाचलं. त्या म्हणाल्या, “किती दिवसांनी ते इतकं स्पष्ट बोलले.”

झालं, अप्पांना थोरले साहेब लाभले आणि थोरल्यांना अप्पा. आधीच्या अकरा पुस्तकांत थोरले नुसते धुकं आणि प्रकाश आणि कमळं असं बोलत. आता ते मुद्द्यावर आले. “मृत्यू ही बदली आहे, बढती नव्हे. जुन्या जागेचा कार्यभार रीतसर सोपविल्याखेरीज सदर आत्म्यास नव्या जागी रुजू होता येणार नाही.” शनिवारच्या बैठकीत हे वाचलं तेव्हा एका डच इंजिनियरनं डोळे पुसले. “मागील जन्मातील शिल्लक रजा चालू जन्मात जमा धरली जाणार नाही,” हे वाक्य तर मंडळींनी आपापल्या वह्यांत चौकट करून लिहिलं. मी वाचत होते आणि सतरंजीवर ही मोठी मोठी माणसं माना डोलवत होती. मला हसू आणि घाम एकाच वेळी यायचा. घरी अप्पा रोज विचारत, “साहेबांनी मंजूर केलं?” मी ‘हो’ म्हटलं की ते अंघोळीला जाताना गुणगुणत. उभ्या आयुष्यात त्यांच्या मसुद्याखाली दुसऱ्याचीच सही होत आलेली होती, आता हिमालयातली होऊ लागली एवढंच. त्या दिवसांत अप्पांइतका सुखी माणूस टी. नगरमध्ये दुसरा नसेल.

आणि मग मिसेस डेल आल्या. पन्नाशीच्या, गुबगुबीत, सतत रुमाल चुरगाळणाऱ्या. त्यांचे यजमान, हॅरल्ड, दोन वर्षांपूर्वी वारले होते. हॅरल्डला विचारल्याशिवाय त्यांनी आयुष्यात पडदासुद्धा बदलला नव्हता, आणि आता हॅरल्डशी बोलायचं तर थोरल्यांमार्फत, असं त्यांनी ठरवलं होतं. इंग्लंडात त्यांची एकुलती लेक पहिलटकरीण होती, दिवस भरत आले होते. लेकीचं पत्रावर पत्र येत होतं: आई, ये, मला भीती वाटते. रविवारचं विमानाचं तिकीट पर्समधे होतं. पण हॅरल्डनं ‘जा’ म्हटल्याशिवाय जायचं कसं? त्याची इच्छा असेल तर त्या जन्मभर इथंच, दुरैसानींच्या खालच्या खोलीत राहायलाही तयार होत्या. गुरुवारी त्यांनी दुरैसानींना प्रश्न घातला. दुरैसानी म्हणाल्या, “उद्या थोरल्यांना विचारते. उत्तर शनिवारी चार वाजता.”

शुक्रवारी सकाळी कवळी लोट्यात गेली, बशी झाकली, पंखा हळू झाला. मी पेन्सिल टोकदार करून बसले. थोरले काही बोलेनात. दुरैसानींचे ओठ दोन-तीनदा हलले, श्वास लांबला, आणि थोड्या वेळानं मला कळलं की त्या झोपल्या आहेत. खरंखुरं, म्हाताऱ्या माणसासारखं झोपल्या होत्या. अकरा वाजता जाग्या झाल्या आणि विचारलं, “घेतलंस लिहून?” माझ्या तोंडून ‘हो मॅडम’ निघून गेलं. वहीत एक वर्तुळसुद्धा नव्हतं.

घरी येऊन मी कोरा कागद अप्पांपुढे ठेवला. सगळं सांगितलं आणि म्हटलं, “अप्पा, तुम्हीच लिहा. त्या बाईंना जाऊ दे लेकीकडे.” मला खात्री होती की ते चष्मा लावतील. त्यांनी कागद उलटून पाहिला, परत माझ्याकडे सरकवला.

“यावर साहेबाचा एक शब्दही नाही की.”

“नाही. म्हणून तर.”

“मग मी काय लिहूं? गाळलेलं भरणं ही चाकरी आहे राजी. नसलेलं लिहिणं हा गुन्हा. एकतीस वर्षांत मी एकही हुकूम माझ्या मनचा काढला नाही.”

अम्मा विळीवर अवरक्का शेंगा चिरत होती. ती मान वर न करता म्हणाली, “आहे मोठा कायदेवाला. तिची लेक बाळंतपणास बसली आहे तिकडे, पावम, बिचारी. तीन ओळी टायप कर गे राजी. मेलेला हॅरल्ड काय कोर्टात जाणार?”

“प्रश्न हॅरल्डचा नव्हे,” अप्पा म्हणाले.

“तुमचा प्रश्न कधी माणसाचा असतोच कुठें?” अम्मानं शेंगा पातेल्यात लोटल्या. त्या रात्रीचं सांबार मात्र झकास झालं होतं. आज इतक्या वर्षांनी मी दोघांच्या बाजूनं विचार करून बघते आणि दर वेळी मला दोघंही बरोबर वाटतात. तेव्हा मी अम्माचं ऐकलं. अप्पा देवळात गेले आहेत असं बघून मशीनवर बसले आणि तीन ओळी ठोकल्या. हॅरल्ड सुखात आहे. त्याची इच्छा आहे की तू लेकीकडे जावंस. तो तुझ्याबरोबर आहे. टाईप करताना मला स्वतःलाच भरून आलं, इतकं ते मला छान जमलंसं वाटलं.

शनिवारी सकाळी मी ते दुरैसानींना वाचून दाखवलं. त्या खुर्चीत सरळ बसल्या होत्या. कवळी तोंडात होती.

“पुन्हा वाच.”

मी वाचलं.

“हे थोरल्यांचं नाही,” त्या म्हणाल्या. “यात एकही ‘सदर’ नाही.”

मला रडू फुटलं. मग काय, एकदा बांध फुटल्यावर कुठं थांबणार? कोरा कागद सांगितला, तीन ओळी सांगितल्या, अप्पा सांगितले, पहिल्या आठवड्यापासूनची वर्तुळं सांगितली. त्यांनी मला जुनी पानं आणायला लावली आणि ‘तुझ्या वडिलांचं कुठलं, दाखव’ म्हणाल्या. मी वाचत गेले. बदली अप्पांची. शिल्लक रजा अप्पांची. योग्य मार्ग अप्पांचा. लोकांनी चौकटी केल्या होत्या ती सगळीच वाक्यं अप्पांची निघाली. दुरैसानींचा चेहरा पांढऱ्याचा अधिक पांढरा होत गेला. मला वाटलं, आता ‘चालती हो’ म्हणतील, आणि मी मनातल्या मनात शेवटची बस पकडलीसुद्धा.

त्या म्हणाल्या, “वडील काय करतात?”

“सरकारी कचेरीत मसुदे लिहितात.”

त्या हसायला लागल्या. आधी खांदे, मग सगळीच्या सगळी बाई. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, आणि हसू थांबलं तरी पाणी थांबेना. “राजी,” त्या म्हणाल्या, “थोरले माझ्याशी सहा वर्षांत एक शब्दही बोललेले नाहीत.”

मी हातातली पानं खाली ठेवली.

“मी दात का काढते असं तुला वाटतं? दात असले की माझे शब्द मला कळतात. काढले की नुसतं पुटपुटणं. मला वाटायचं, ते माझ्याकडे येत नसतील तर ऐकणाऱ्याकडे येतील. मग तू ती पानं वाचलीस. मला वाटलं, आले. माझ्याकडे नाही, पण या पोरीकडे तरी आले.”

मला त्या क्षणी अप्पांचा राग आला, माझा राग आला आणि त्या हिमालयातल्या माणसाचा सगळ्यात जास्त आला. इतकी वर्षं एका बाईनं तुमची वाट बघितली, दोन शब्द बोलायला काय झालं होतं? मी म्हटलं, “मॅडम, ही तीन वाक्यं वाचूया. मिसेस डेल जातील तरी. कोणाला कळणार आहे?” त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, घडी घातली, आणखी एक घडी घातली आणि आपल्या ब्लाऊजमधे ठेवून दिला.

चार वाजता सतरंजी भरली. मिसेस डेल अगदी पुढे, पर्स मांडीवर, रुमाल मुठीत. सगळे लोट्याकडे बघत होते. दुरैसानींनी लोटा उचलला आणि त्यातलं पाणी घटाघटा पिऊन टाकलं. मग त्या उभ्या राहिल्या. त्यांना उभं राहून बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं.

“मिसेस डेल,” त्या म्हणाल्या, “हॅरल्डकडून काही निरोप नाही. थोरल्यांकडूनही नाही. ते कुठं आहेत मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की तुमची लेक घाबरलेली आहे आणि ती जिवंत आहे. घरी जा.”

मिसेस डेल आधी पांढऱ्या झाल्या, मग लाल. “एवढं ऐकायला मी सात समुद्र ओलांडून आले?” त्या म्हणाल्या. “हे तर माझी नणंद मला फुकट सांगत होती.” त्यांनी पर्स काखोटीला मारली, एक चप्पल उलटी घातली आणि जिना दणदणवत खाली गेल्या. रविवारच्या विमानानं त्या गेल्या, रागारागात का होईना, पण गेल्या. बाळंतपणाला वेळेवर पोचल्या असतील असा मी आजवर हिशेब मांडत आले आहे. पत्र काही आलं नाही. डच इंजिनियर तेवढा थांबला. त्याला वाटलं, हीसुद्धा काहीतरी शिकवण आहे. त्यानं वहीत काहीतरी लिहिलं आणि नमस्कार करून गेला. पुढच्या शनिवारी तोही आला नाही.

सगळे गेल्यावर मी सतरंजी गुंडाळायला लागले. दुरैसानी खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. मला वाटलं, आता नोकरी संपलीच, थोरले नाहीत तर शॉर्टहँड कसलं? मी माझी वही आणि पेन्सिलचा डबा पिशवीत भरला. तेवढ्यात त्या, न वळता, अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, “ते बोलेनासे झाले तेव्हा मी कोणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर या खोलीत मी एकटीच उरले असते.” मग वळल्या. चेहऱ्यावर भीती होती, आणि ती लपवायचं त्यांना सुचलं नव्हतं. “सोमवारी येशील?”

“नऊला येते,” मी म्हटलं.

सोमवारी त्या खुर्चीत बसून होत्या, केस विंचरलेले, दात तोंडात. मी स्टुलावर बसले. त्यांनी डोळे उघडेच ठेवले आणि माझ्याकडे बघत म्हणाल्या, “आता माझं लिही. पहिल्यापासून.” मी पेन्सिल टेकवली. त्यांनी दोनदा घसा साफ केला, आणि शाळेतली मुलगी धडा म्हणते तशा स्वच्छ, सावकाश बोलल्या, “मी सव्वीस वर्षांची होते, आणि मला कोणीतरी बोलायला हवं होतं.”